मोरपंखी मोरपंखीच दिसावी म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

नेटवर पैठणी विकणाऱ्या आम्हा येवलेकरांचं एक ठरलेलं दुखणं आहे: ‘फोटोत रंग वेगळा होता’ म्हणून परत येणारी साडी. त्यावर जो तो सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवायला सांगतो. तुम्ही प्रीप्रेसवाल्या, छपाईआधी फाइली तयार करणाऱ्या; रंगाला हात लावण्याआधी फाइलला प्रोफाइल (तिच्यातले आकडे कोणत्या मापातले, हे सांगणारी चिठ्ठी) आहे का, हे पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच भेटलात. आभार असे चारचौघांत मानतेय, कारण फोनवर तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून उडवून लावाल.

फोटो अ‍ॅडोबी आरजीबीत, म्हणजे जास्त झळाळते रंग मावणाऱ्या मापात, काढलेले आणि मधेच कुठेतरी प्रोफाइल गळालेलं. मग मोबाइल ते आकडे एसआरजीबीचे, म्हणजे नेटवरच्या नेहमीच्या लहान मापाचे, समजणार आणि राणी रंग विटका दिसणार. तुम्ही ते आमच्याच धंद्यातून समजावलंत: नुसतं ‘सहा’ म्हटल्यावर काय कळणार, सहा वार की सहा मीटर? असाइन केलं, म्हणजे नुसती चिठ्ठी लावली, की आकडे तेच राहतात, दिसणं बदलतं. कन्व्हर्ट केलं, म्हणजे दुसऱ्या मापात उतरवलं, की आकडे बदलतात आणि दिसणं, होता होईल तो, तेच राहतं. म्हणून आधी अ‍ॅडोबी आरजीबी असाइन, मग एसआरजीबीत कन्व्हर्ट, आणि सेव्ह करताना प्रोफाइल फाइलमध्येच. साड्यांचे रंग जागेवर आले.

छापील कॅटलॉगचं काम मात्र कठीण होतं. तुम्ही सॉफ्ट प्रूफ लावलंत (छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावरच), छपाईत न बसणारे रंग दाखवणारी गॅमट वॉर्निंग सुरू केलीत, आणि मोरपंखी पदरावर राखाडी चट्टे उमटले. इतका झळाळता निळा-हिरवा चार शायांत बसत नाही, हे तुम्ही तोंडावर सांगितलंत. काम हातचं जाऊ नये म्हणून दुसऱ्या कुणी ‘करून देतो’ म्हटलं असतं. मग असे रंग छपाईत बसवायच्या दोन पद्धती, परसेप्च्युअल आणि रिलेटिव्ह, शेजारी शेजारी दाखवल्यात. पहिल्यात सगळेच रंग थोडे आत सरकतात, पण मोराच्या पिसांतल्या छटा सुट्या राहतात; दुसऱ्यात बसणारे रंग जवळपास तसेच राहतात, न बसणारे मात्र काठावर येऊन एकमेकांत मिसळतात. आपण पहिलं घेतलं. झळाळी थोडी गेली, नक्षी वाचली.

आणि धूपछावचं तर मला कधी सुचलंच नसतं. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. अशा साडीला एकच खरा रंग नसतोच, तेव्हा प्रोफाइल तरी काय करणार? दोन कोनांतून दोन फोटो द्या, म्हणालात. (हे प्रीप्रेसवालीनं विणकराच्या घरातल्या बाईला सांगावं!) आता शेजारची दुकानंही तसेच फोटो टाकू लागली आहेत.

तुमचं कलरिमीटर, पडद्याचे रंग मोजायचं यंत्र, अजून माझ्याकडेच आहे. भाच्याच्या मॉनिटरचं कॅलिब्रेशन उरकलं की त्याच्याच हाती पाठवते. सोबत मोरपंखी रेशमाची एक लडी आहे, प्रूफ तपासताना शेजारी धरायला.

तुमची,
येवल्याची पैठणीवाली