घड्याळ द्या, पण पोटातल्या कोडसकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात चालणारे छोटे घड्याळ घरच्या घरी बनवायचे आणि बरोबरच्या डेव्हलपर मंडळींना फुकट वाटायचे, हा उत्साह चांगलाच. पण बहुतेक वेळा हाती पडते ती एक झिप, तिच्यात एक ईएक्सई (थेट चालणारी विंडोजची फाइल) आणि सोबत ‘चालवून बघा’ एवढाच निरोप. घेणारा स्वतः प्रोग्रामर असेल तर त्याला घड्याळाची टंचाई नाही. वेळ टास्कबारवर दिसतेच. त्याला रस असतो तो घड्याळाच्या पोटात. म्हणून सोर्स कोडच, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूरच, वाटावा, आणि त्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात.

सर्वांत जास्त चुका सेकंद मोजण्यात होतात. दर १००० मिलिसेकंदांनी टायमर वाजवायचा आणि व्हेरिएबलमध्ये एक मिळवायचा, असा कोड सर्रास दिसतो. टायमर ‘हजार’ म्हणतो त्याचा अर्थ ‘सहसा हजाराच्या आधी नाही’ एवढाच. विंडोजच्या टायमरची नेहमीची पायरी सुमारे १५.६ मिलिसेकंदांची असते. प्रत्येक ठोक्याला १५ मिलिसेकंद उशीर झाला असे धरले, तर ३,६०० ठोक्यांच्या एका तासात घड्याळ ५४ सेकंद मागे पडते. लॅपटॉप मधेच झोपला तर विचारायलाच नको. टायमर फक्त प्रोग्रामला जागे करण्यासाठी ठेवावा आणि वेळ प्रत्येक खेपेला ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्यावी.

एवढे केले तरी काम संपत नाही. टायमर १००० वरच अडकवून ठेवला तर थोडा थोडा उशीर साठत जातो आणि केव्हातरी एक सेकंद गिळला जातो. आकडा ५८ वरून थेट ०० वर उडी मारतो. त्यामुळे पुढच्या ठोक्याचा हिशोब दर वेळी नव्याने करावा. आत्ताच्या वेळेत सेकंदाच्या पुढे ३४० मिलिसेकंद असतील तर टायमर ६६० चा लावायचा. तो चुकून दोन-तीन मिलिसेकंद आधी वाजला तर तोच सेकंद दोनदा रंगवला जातो, म्हणून त्यात १० मिळवून ठेवलेले बरे. सेकंद दाखवायचेच नसतील तर मिनिटाला एकदा जागे होणे पुरते. विंडोज ११ मध्ये टास्कबारवर सेकंद दाखवण्याच्या पर्यायापुढेच ‘वीज जास्त लागते’ अशी सूचना दिलेली आहे. सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवणाऱ्या हौशी घड्याळांनी ती जरूर वाचावी.

त्याच ॲपमध्ये स्टॉपवॉच असेल तर नियम नेमका उलटा होतो. सिस्टिमची वेळ इंटरनेटवरून दुरुस्त होत असते आणि तेव्हा ती मागेही सरकू शकते. मग लॅपची (एका फेरीची) वेळ उणे येते. तिथे मागे न फिरणारे घड्याळ घ्यावे. पायथॉनच्या टाइम मॉड्यूलमध्ये मोनोटॉनिक आहे, सी++ मध्ये स्टेडी क्लॉक आहे.

काट्यांच्या घड्याळात तासकाटा बिचारा नेहमी उपेक्षित. तास गुणिले ३० एवढेच लिहिले की ३:४० वाजताही तो तीनवर ताठ उभा राहतो. प्रत्येक मिनिटाला त्याचा अर्धा अंश धरला पाहिजे. ३:४० ला ९० अधिक २० म्हणजे ११० अंश, आणि मिनिटकाटा २४० अंशांवर. गणितातला शून्य अंश उजवीकडे, म्हणजे तीनच्या जागी असतो, आणि पडद्यावर वाय अक्ष खाली वाढत जातो. बारापासून घड्याळाच्या दिशेने कोन मोजायचा असेल तर एक्स = केंद्र + लांबी × साइन आणि वाय = केंद्र − लांबी × कोसाइन, एवढे लक्षात ठेवले की भागते. सेकंदकाटा दर ठोक्याला सुमारे १६ अंश उलटा सरकत असेल तर बग शोधत बसू नये. अंशांचे रेडियन (साइन-कोसाइनला लागणारे कोनाचे एकक) करायचे राहिले आहे, कारण ६ रेडियन म्हणजे जवळजवळ ३४४ अंश.

आकड्यांच्या घड्याळाचे दुखणे वेगळे. बऱ्याच फॉन्टमध्ये १ हा आकडा इतरांपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे ११:११:११ आले की सगळी ओळ आक्रसते आणि दर सेकंदाला डावी-उजवीकडे थरथरते. सारख्या रुंदीचे आकडे असलेला फॉन्ट घ्यावा किंवा प्रत्येक आकडा ठरलेल्या चौकटीत काढावा. देवनागरी आकड्यांचा पर्याय देणे तर अगदी सोपे: युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ते षोडशमान ०९६६ पासून सलग दहा जागांवर आहेत, एक बेरीज केली की झाले. बारा तासांच्या पद्धतीत मध्यरात्री ‘०:०५’ दिसणे ही चूक मात्र इतकी जुनी आहे की आता ती माफ करू नये. बाराने भागून बाकी शून्य आली तर १२ लिहायचे.

परदेशांची वेळ दाखवायची असेल तर फरकांचे कोष्टक स्वतः लिहू नये. भारताचा फरक साडेपाच तासांचा, नेपाळचा पावणेसहा तासांचा. पूर्ण तास धरणारा कोड इथेच आपटतो. उन्हाळी वेळेचे नियम तर सरकारे बदलत असतात. आयएएनए या इंटरनेटच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेचा टाइमझोन डेटाबेस वापरावा. पायथॉनचे झोनइन्फो हे मॉड्यूल लिनक्सवर सिस्टिममधला डेटाबेस वाचते, पण विंडोजवर तो नसतो. म्हणून टीझेडडेटा हे पॅकेज सोबत दिले नाही तर लिहिणाऱ्याकडे चालणारे घड्याळ घेणाऱ्याकडे उघडताच कोसळते.

आता वाटपाविषयी. इथेच घोडे पेंड खाते. डिजिटल सही नसलेली ईएक्सई डाउनलोड केली की अनोळखी फाइल अडवणारे विंडोजचे स्मार्टस्क्रीन बहुधा आडवे येते. पायइन्स्टॉलरने (पायथॉन कोडची ईएक्सई बनवणाऱ्या साधनाने) एकाच फाइलमध्ये बांधलेले ॲप चालताना स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, आणि काही अँटिव्हायरसांना तेवढ्यावरूनच संशय येतो. अशा वेळी ‘अँटिव्हायरस बंद करा’ असा सल्ला कधीही देऊ नये. एका फाइलऐवजी फोल्डर बांधावा, यूपीएक्स या साधनाने ईएक्सईचा आकार दाबण्याचा मोह टाळावा, फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहायचा ठसा) प्रसिद्ध करावा आणि कोडपासून ॲप कसे बांधायचे ते रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये पायरी-पायरीने लिहावे. सी++ वाल्यांनी व्हिज्युअल सी++ रनटाइमचा (ॲप चालायला लागणाऱ्या फाइलींच्या संचाचा) उल्लेख करावा, नाहीतर ‘व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही’ हा एकच प्रश्न दहा जण विचारतात.

परवाना हा कंटाळवाणा वाटणारा, पण टाळता न येणारा भाग. कोड उघडा ठेवला म्हणजे तो वापरायची परवानगी दिली, असे होत नाही. परवाना लिहिला नाही तर सर्व हक्क लेखकाकडेच राहतात आणि शहाणा डेव्हलपर त्या कोडला हात लावत नाही. कोणीही काहीही करावे असे वाटत असेल तर एमआयटी परवाना; सुधारून वाटणाऱ्यानेही आपला कोड उघडा ठेवावा असे वाटत असेल तर जीपीएल. फॉन्ट, गजराचा आवाज आणि डायलचे चित्र यांचे परवाने वेगळे तपासावे लागतात. हान्स हिलफिकर यांनी १९४४ मध्ये केलेली स्विस रेल्वेच्या घड्याळाची रचना ॲपलने २०१२ मध्ये आयपॅडवर वापरली आणि शेवटी त्यांनाही रेल्वेशी परवान्याचा करार करावा लागला. (त्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा सुमारे ५८.५ सेकंदांत फेरी पुरी करून बारावर थांबतो आणि मिनिटाचा इशारा आला की पुढे निघतो. कोडमध्ये तो उतरवणे हा छान व्यायाम आहे, फक्त डायल आपला काढावा.)

घेणाऱ्याच्या संगणकाचा मानही राखावा. प्रोग्रामने न विचारता स्टार्टअपमध्ये (संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत) घुसू नये, आणि घुसलाच तर अनइन्स्टॉल करताना ती नोंद पुसावी. सेटिंग्ज प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू नयेत, तिथे साध्या वापरकर्त्याला परवानगी नसते. ॲपडेटा हा फोल्डर त्यासाठीच आहे. विंडोची जागा लक्षात ठेवणारे घड्याळ दुसरा मॉनिटर काढल्यावर पडद्याबाहेर हरवते, म्हणून सुरू होताना ती जागा दिसणाऱ्या भागात आहे की नाही ते पाहावे. आणि वेलँडवर (लिनक्समधल्या विंडो दाखवण्याच्या नव्या व्यवस्थेवर) साध्या ॲपला आपली विंडो स्वतःहून हव्या त्या जागी किंवा सतत वर ठेवता येत नाही, हे रीडमीत लिहून टाकावे म्हणजे लिनक्सवाले तुमच्या कोडमध्ये चूक शोधत बसणार नाहीत.

पाठवण्यापूर्वी चार गोष्टी करून पाहाव्यात: सिस्टिमची वेळ २३:५९:५० करणे, लॅपटॉप पाच मिनिटे झोपवून उठवणे, डिस्प्लेचे स्केल १०० वरून १५० टक्के करणे आणि डेव्हलपमेंटचे कोणतेही साधन नसलेल्या संगणकावर झिप उघडणे. पहिल्या तीन कसोट्यांना मिळून पंधरा मिनिटे लागतात. चौथी करायचा बहुतेकांना कंटाळा येतो आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ ही तक्रार येते ती तिथूनच.

आपला,
एक वाचक (सॉफ्टवेअर डेव्हलपर)