ताई, तुम्ही रिकाम्या हाताने आलात म्हणून

प्रिय ताई,

तुमच्या आधीही आमच्या कातकरवाडीवर संस्थांची माणसं यायची. दिवाळीला फराळ, जूनमध्ये वह्या, थंडीत ब्लँकेटं. त्यांना नावं ठेवणार नाही, त्यातलं एक ब्लँकेट आजीने शेवटपर्यंत पांघरलं. तुम्ही मात्र रिकाम्या हाताने आलात आणि अंगणात बसून विचारलंत, "रेशनवर महिन्याला किती मिळतं?"

कोणी म्हणालं दहा किलो, कोणी म्हणालं कार्डच नाही. आम्हा कातकऱ्यांसारख्या आदिम जमातीच्या कुटुंबांना अंत्योदयचं, म्हणजे सगळ्यात गरिबांचं रेशनकार्ड द्या, असं सुप्रीम कोर्टाने २००३ सालीच सांगितलंय, महिन्याला ३५ किलो धान्य हा आमचा हक्क आहे, हे त्या दिवशी कळलं. खरं सांगते, मला तुमचा राग आला होता. आषाढ होता, घरात दाणा नव्हता, आणि तुम्ही कागदांचं बोलत होतात.

मग तहसीलच्या फेऱ्या. पहिल्या दिवशी साहेबांनी आईचा अर्ज घेऊन खणात टाकला, "जा, बघतो" म्हणाले. आई निघालीसुद्धा होती. तुम्ही तिला थांबवलंत. "पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. त्याशिवाय टेबल सोडायचं नाही." साहेब तुमच्याकडे बघून बोलायला लागले, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "अर्जदार या आहेत, यांच्याशी बोला." आईशी खुर्चीतला माणूस मान वर करून बोलला, तो तिच्या आयुष्यातला पहिला. तो शिक्क्याचा कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुडाला खोचून ठेवला होता. कार्ड यायला सात महिने लागले, दर महिन्याला ती तोच कागद घेऊन जायची.

बाचं काम याहून अवघड होतं. दर पावसाळ्यात भट्टीमालकाकडून उचल, दिवाळी झाली की बिऱ्हाड वीटभट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळायची, आणि हंगाम संपला की हिशेबात पैसे अंगावरच निघायचे. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. माझी शाळा दरवर्षी दिवाळीपर्यंतच. हे सगळं आम्हाला नशीब वाटायचं. तुम्ही १९७६ चा वेठबिगारीचा कायदा बाला दोनदा वाचून दाखवलात: असं कर्ज रद्द होतं, ते फेडायची जबाबदारीच उरत नाही. बा गप्प बसला. "घेतलेले पैसे बुडवायचे कसे?" असं त्याने विचारलं, तेव्हा तुम्ही त्याला उपदेश केला नाहीत. त्याच्याकडूनच विटांची मोजणी लिहून घेतलीत, हजारी भाव धरून त्याच्या आणि आईच्या मजुरीची बेरीज केलीत. उचल कधीच फिटली होती. प्रांताधिकाऱ्यांसमोर जबाब त्याने स्वतः दिला. मुक्ततेचा दाखला हातात आला त्या रात्री तो जेवला नाही, नुसता बसून राहिला.

त्या वर्षी मी पहिल्यांदा वार्षिक परीक्षेला बसले.

तुमच्या संस्थेकडे पैसा कमी होता, हे आम्हाला दिसत होतं. एसटीने यायचात, भाकरी आमच्यातच खायचात. पण पैसा असता तरी तुम्ही तांदळाची पोती आणली नसती, असं आता वाटतं. पोतं महिन्याभरात संपलं असतं. अर्ज लिहिता येणाऱ्या चार बाया मात्र आजही वाडीवर आहेत, त्यातली एक मी.

सध्या वनहक्काचं, म्हणजे कसतो ती जंगलजमीन कायद्याने आमच्या नावावर करून घ्यायचं काम काढलंय. त्यासाठी २००५ च्या आधीपासूनची कसणूक दाखवावी लागते. आमची माणसं ती डोंगरउताराची वरकस जमीन त्याच्याही आधीपासून कसतात, पण त्याच्या पावत्या कोणाकडे असणार? तुम्हीच सांगितलं होतंत की म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा धरतात. सहा जबाब झाले. तीन दावे उपविभागीय समितीकडे अडकलेत. सोमवारी आम्ही अकरा जणी जाणार आहोत. अर्ज मी लिहिलाय, दोन प्रतींत.

जमलं तर या, ताई. आई विचारत असते.

तुमची,
वाडीवरची मुलगी