टीव्हीवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण इथे मिरजेत आमच्याच गल्लीत अजून दोन घरांत नवीन टीव्ही घ्यायचं घाटतंय आणि दोघंही मलाच विचारतात, जसं काही सगळी अक्कल माझीच.

आमच्या जुन्या ३२ इंचीवर आधी एक उभी रेघ आली, मग रेघांचा गठ्ठाच, मग अर्धा स्क्रीन काळा. एका दुकानात बोर्ड बदलून देतो म्हणाले होते. तुम्ही आलात आणि पहिल्यांदा रिमोटवरून नुसता मेनू उघडायला लावलात, मेनूवर पण रेघा दिसल्या तेव्हा म्हणालात की केबलचा संबंध नाही, मग मागचं कव्हर काढून पट्ट्या हलवून बघितल्यात आणि स्पष्ट सांगितलंत, पॅनल, म्हणजे खुद्द स्क्रीनच, गेलंय, पॅनल बदलायचं म्हणजे जवळपास नव्या टीव्हीचेच पैसे, त्यात घालू नका. वर हेही शिकवलंत की आवाज येतोय पण चित्र नाही असं झालं तर अंधारात स्क्रीनवर टॉर्च मारून बघायचं, आत पुसट चित्र हलताना दिसलं तर बहुतेक नुसता बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलेला असतो आणि ते काम स्वस्तात होतं. हे लोकांना माहीतच नसतं हो! चांगले टीव्ही भंगारात जात असतील असे.

बजेट २५,००० आणि त्यातच सगळं बसवायचं, भिंतीवरचा स्टँड धरून. आमच्या ह्यांचं म्हणणं होतं की जीएसटी कमी झालाय तर सगळेच टीव्ही उतरले असणार. तुम्ही सांगितलंत की २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला तो ३२ इंचांच्या वरच्या टीव्हींचा, ३२ पर्यंतचे आधीपासून १८ मध्येच होते. म्हणजे आधी २५,००० ला मिळणारा ४३ इंची नुसत्या टॅक्समुळे साधारण १,९५० रुपयांनी खाली यायला हवा. तिथेच आमचं ३२ की ४३ हे भांडण मिटलं.

पण मला सगळ्यात आवडलं ते हे की टीव्हीबद्दल एक अक्षर बोलायच्या आधी तुम्ही हॉलमध्ये उभं राहून विचारलंत, कोण कुठे बसतं? सासूबाई दिवाणावर, म्हणजे टीव्हीच्या पार एका बाजूला, आणि दिवसभर टीव्ही खरा बघतात त्या एकट्याच, आम्ही आपलं रात्री तासभर आणि पोरगा मॅच असली की. तुम्ही म्हणालात मग यांच्या जागेवरून निवडायचा. या बजेटात पॅनल बहुतेक दोन जातीचे, व्हीए मध्ये काळा रंग छान गडद दिसतो पण बाजूने बघितलं की चित्र फिकटतं, आयपीएस मध्ये काळा जरा राखाडी पण बाजूने रंग टिकतात. आमच्या हॉलमध्ये दिवसभर उजेड असतो, अंधार करून पिक्चर बघणारं कोणी नाही, म्हणजे आयपीएसच. खोक्यावर हे लिहिलेलं नसतंच बहुतेक वेळा, तेव्हा दुकानात समोर उभं न राहता बाजूला दिवाणाएवढं सरकून बघायचं. बघितलं. सेल्समनला वाटलं बाई रुसून कोपऱ्यात गेल्या.

तुमचा पेनड्राइव्ह म्हणजे तर कमालच. दुकानात सगळे टीव्ही भडक डेमो मोडवर, वर त्यांचाच तो पोपट आणि धबधब्याचा व्हिडिओ, त्यात कुठलाही टीव्ही भारीच दिसणार ना. तुम्ही सांगितलं तसं आधी स्टँडर्ड मोड लावायला लावला, मग पेनड्राइव्हवरचे नुसते पांढरे, राखाडी, लाल स्क्रीन. राखाडीवर एका टीव्हीच्या कोपऱ्यात मळकट डाग स्पष्ट दिसला, तो आम्ही सोडला. सेल्समन एचडीआर एचडीआर करत होता (चित्रातला उजेड आणि काळोख जास्त खुलवणारी सोय म्हणे), तुमचं वाक्य डोक्यात पक्कं होतं की या किमतीत पॅनलला तेवढा ब्राइटनेसच नसतो, एचडीआर लिहिलेलं असून फार फरक पडत नाही, त्याचे जास्त पैसे मोजायचे नाहीत. रॅम २ जीबी बघा म्हणालात ते मात्र पाळलं. आणि पुढे कधी सॉफ्टवेअर रखडायला लागलंच तर मागे अ‍ॅप चालवणारी वेगळी स्टिक लावायची, टीव्ही बदलायचा नाही, हेही लक्षात आहे.

एक मॉडेल अजून मोठं आणि अजून स्वस्त मिळत होतं, पोरगा अडून बसला होता. मी तुमचं ऐकून दुकानातूनच त्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला, मिरजेचा पिनकोड सांगितला आणि माणूस घरी येईल का विचारलं. उत्तर आलं, टीव्ही कोल्हापूरला आणून द्या. एवढा मोठा टीव्ही घेऊन मी काय एसटीत बसू? पोरगा गप्प झाला. शेवटी २३,४०० ला घेतला तो, ज्याचा माणूस सांगलीतून घरी येतो.

उरलेल्या पैशात स्टँड आणि एचडी सेट-टॉप बॉक्स. हे नसतं केलं तर सगळंच फुकट गेलं असतं, कारण जुन्या साध्या बॉक्सचं ५७६ ओळींचं चित्र ४के स्क्रीनवर ताणलं की चेहरे धुतल्यासारखे दिसतात, एक संध्याकाळ बघितलं ना आम्ही तसं. आता झी मराठी आणि प्रवाह दोन्ही एचडीमध्ये लावून घेतलेत. सासूबाई म्हणाल्या, "त्या सासूच्या साडीचे काठ दिसतात आता." ऐकायला त्यांना जरा कमी येतं, बारीक टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात त्यामुळे बोलणं दबतं, तर तुम्ही सांगितलेलं आवाजाच्या सेटिंगमधलं स्पष्ट बोलण्याचं ऑप्शन चालू केलंय, बरंच चाललंय. एआरसी वाला, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणारा, एचडीएमआय पोर्ट आहे, दिवाळीचा बोनस आला की छोटा साउंडबार जोडू.

एवढं करून पैसे घेतले नाहीत तुम्ही. "जुना टीव्ही दे, पॉवर सप्लाय कामाला येईल" म्हणालात. दुकानात एक्स्चेंजचे जेमतेम काहीशे रुपये देत होते, त्यापेक्षा तुमच्याकडे तो कुणाच्या तरी टीव्हीत जाईल हे मला जास्त आवडलं. पण काका, फी ती फी, ती मी काकूंकडे देणारच आहे, तुम्ही मध्ये पडू नका.

पेनड्राइव्ह मात्र इतक्यात परत मिळणार नाही. कोपऱ्यावरच्या वहिनी शनिवारी दुकानात निघाल्यात आणि त्यांनी तो आजच मागून नेलाय.

तुमची,
खालच्या घरातली सूनबाई