आधी मोजणी, मग विसार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर कोरियाच्या वाटाघाटीच्या भाषेवरून आपल्या पत्रसदरात दोन तट पडलेले दिसले. एकाला तिथले सर्वेसर्वा किम जोंग उन आता नमले असे वाटते, दुसऱ्याला सगळेच ढोंग वाटते. दोघेही किम यांच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधत आहेत. मोहोळ-बार्शीकडे जमिनीचा व्यवहार ठरतो तेव्हा विकणाऱ्याचे पोट कोणी तपासत नाही. सातबारा काढतात, फेरफार बघतात, बोजा आहे का ते पाहतात, मोजणी आणून खुणा रोवतात आणि मग विसार देतात. अणुकार्यक्रमाचीही मोजणी होते. ती नेमकी कुठे अडते, याचा दाखला तीस वर्षांपासून आपल्यासमोर आहे.

मे १९९२ मध्ये उत्तर कोरियाने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला पहिले विवरणपत्र दिले. योंगब्योन येथील अणुकेंद्रातल्या खराब इंधनकांड्यांतून १९९० मध्ये एकदाच, जेमतेम ९० ग्रॅम प्लुटोनियम (अणुबाँबला लागणारा धातू) काढले, असे त्यात म्हटले होते. निरीक्षकांनी कागदावर वाद घातला नाही. ज्या बंदिस्त पेट्यांत प्लुटोनियम हाताळले जाते, त्यांच्या आसपासची जागा त्यांनी पुसून घेतली. अशा कामासाठी आज वापरतात तो तुकडा म्हणजे १० सेंटिमीटर लांब-रुंद साधे सुती कापड. चादरी-टॉवेल विणणाऱ्या आपल्या सोलापूरला त्याचे नवल वाटू नये. सूत धूळ धरते आणि सहजी सोडत नाही.

पुढचे काम रसायनशास्त्राचे. प्लुटोनियमचा २४१ हा प्रकार हळूहळू अमेरिशियममध्ये बदलतो. सुमारे १४ वर्षांत निम्मा होतो. कांड्यांतून प्लुटोनियम वेगळे काढताना अमेरिशियम बाजूला पडते, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. कणात अमेरिशियम किती साठले हे मोजले की ते प्लुटोनियम कधी काढले ते कळते. फडक्यावर १९८९, १९९० आणि १९९१ अशा तीन वर्षांच्या खुणा निघाल्या. ‘एकदाच’ हा शब्द तिथेच खोटा ठरला. किरणोत्सारी कचऱ्याचा हिशेबही जुळेना. संस्थेने कचऱ्याच्या दोन जागा पाहायच्या म्हटल्या, तर त्या लष्करी आहेत म्हणून नकार आला आणि मार्च १९९३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याची नोटीस. १९९४ मध्ये अणुभट्टीतल्या सुमारे ८,००० कांड्या घाईने बाहेर काढल्या गेल्या. कोणती कांडी भट्टीच्या कोणत्या भागातली, ही नोंद पुसली गेली आणि जुना हिशेब लावण्याची सोपी वाट बंद झाली.

याचा अर्थ दुसरी बाजू, म्हणजे अमेरिका, धुतल्या तांदळासारखी होती असे नाही. ऑक्टोबर १९९४ च्या जीनिव्हा करारात योंगब्योन गोठवण्याच्या बदल्यात वर्षाला ५ लाख टन इंधन तेल आणि २००३ पर्यंत दोन अणुभट्ट्या देण्याचे ठरले होते. तेल वारंवार उशिरा पोहोचले. भट्ट्यांचे पहिले काँक्रीट पडायला ऑगस्ट २००२ उजाडला. त्याच काळात उत्तर कोरियात युरेनियम समृद्ध करण्याचा, म्हणजे बाँबच्या दुसऱ्या वाटेचा, उद्योग गुपचूप सुरू होता. त्यामुळे ‘आधी कोणी मोडले’ या वादाला अंत नाही, आणि त्यात वेळ घालवू नये.

२००८ चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. मे महिन्यात उत्तर कोरियाने १८,००० पानांची कागदपत्रे दिली. जूनमध्ये योंगब्योनचा शीतकरण मनोरा उडवला आणि ते चित्र जगभर झळकले. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्यांचे नाव दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीतून काढले. नमुने घेऊ देण्याचे तोंडी ठरले आहे, असे वॉशिंग्टन सांगत होते. नोव्हेंबरमध्ये प्योंगयांगने स्पष्ट केले: जागा पाहा, कागद पाहा, तंत्रज्ञांशी बोला, नमुने मिळणार नाहीत. डिसेंबरच्या बैठकीत बोलणी तिथेच फसली. मनोरा फक्त पाणी थंड करतो, तो पुन्हा बांधता येतो. फडक्याला लागलेला कण मात्र कुणाला परत घेता येत नाही.

मे २०१८ मध्ये पुंग्ये-री येथील चाचणीचे बोगदे उडवले, तेव्हाही तज्ज्ञांना बोलावले नव्हते. फक्त पत्रकार होते, आणि त्यांच्याकडची किरणोत्सार मोजणारी उपकरणे आधीच काढून घेतली होती. २०२२ मध्ये त्यातल्या एका बोगद्याचे तोंड पुन्हा उघडले गेले.

कागदावर सही झाल्यावरही तटस्थ माणूस लागतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. २७ जुलै १९५३ च्या कोरियन युद्धविरामानंतर मायदेशी जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे होता. त्या दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते, तर तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. कैदी कुणाच्या दबावाखाली बोलतो आहे की स्वतःचे सांगतो आहे, हे पाहायला त्रयस्थ हवाच होता. तो युद्धविराम आजही युद्धविरामच आहे; शांतता करार झालेलाच नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये किम यांनी अण्वस्त्रत्यागाचा हट्ट सोडला तर अमेरिकेशी बोलू, असे सांगितले. माझ्या मते हे ढोंग नव्हे, उघड भाव आहे. त्यांना अण्वस्त्रधारी देश म्हणून मान्यता आणि निर्बंधांतून सुटका हवी आहे. २०१९ मध्ये हनोईत अमेरिकेशी बोलताना त्यांनी योंगब्योनच्या बदल्यात सुरक्षा परिषदेच्या ११ पैकी ५ ठरावांतले मुख्य निर्बंध उठवायला सांगितले होते. योंगब्योनबाहेरच्या युरेनियम केंद्रांचे काय, यावर गाडी अडली.

तेव्हा पुढच्या वेळी हस्तांदोलनाचे छायाचित्र पहिल्या पानावर छापाल, तेव्हा शेजारी एवढे जरूर द्यावे: एप्रिल २००९ मध्ये घालवून दिलेले निरीक्षक परत बोलावले का? कॅमेरे आणि सील पुन्हा लागले का? सगळ्या केंद्रांची यादी दिली का? आणि नमुने देशाबाहेरच्या प्रयोगशाळेत नेऊ देणार, हे लेखी आहे की तोंडी?

आपला,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर