धरणगावची भिल्ल पलटण : त्या पहिल्या नऊ जणांची नावे शोधावीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धरणगाव येथे १८२५ साली उभ्या राहिलेल्या ‘खान्देश भिल्ल कोअर’ला, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातल्या भिल्ल पलटणीला, २०२५ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली. माझ्या पाहण्यात तरी गावात त्यानिमित्त एखादे व्याख्यानसुद्धा झाले नाही. याची खंत वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

धरणगाव ही कापूस आणि कापडाची जुनी पेठ. शिवकाळात इंग्रजांची वखारही येथे होती. परंतु कंपनी सरकारच्या अमदानीत गावाला जे महत्त्व आले, ते या पलटणीच्या ठाण्यामुळे. त्याविषयी कोठे बोलणे निघालेच, तर ते पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रम या तरुण इंग्रज लेफ्टनंटच्या आणि त्याच्या वाघाच्या शिकारींच्या कथांवर येऊन थांबते. त्याचे कर्तृत्व मी नाकारत नाही. मात्र भरतीची सुरुवात अवघ्या नऊ भिल्लांनी झाली, आणि त्या दिवसांत साहेबाच्या बोलावण्यावर विश्वास ठेवून डोंगर उतरून येणे म्हणजे काय होते, हे आपण कधी समजून घेतलेले नाही.

त्याआधी वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट या लोकांच्या स्मरणात ताजी होती. होळकर-शिंद्यांच्या धामधुमीने आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने खान्देश उजाड झाला, गावोगावच्या जागल्यांचे आणि घाटवाटा राखणाऱ्या नाईकांचे हक्क बुडाले आणि जे राखणदार होते तेच पोटासाठी लुटारू झाले. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पेशव्यांचा सुभेदार बाळाजी लक्ष्मण याने १८०४ मध्ये कोपरगाव येथे भिल्लांना फसवून एकत्र आणले, त्यांची कत्तल केली आणि प्रेते विहिरींत टाकली. पुढे १८१८ मध्ये कंपनीचा अंमल आला, तेव्हा आधी सातपुडा आणि सातमाळ्यात फौजाच धाडल्या गेल्या. त्या डोंगरातल्या हिवतापाने जेरीस आल्या, तरी बंडे शमली नाहीत. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलून भिल्लांचीच पलटण उभारायचे ठरवले ते त्यानंतर. साहजिकच, पलटणीत घेण्याच्या निमित्ताने आपल्याला गोळा करून मारणार, अशी आवई भरतीच्या वेळी उठली होती. तरीही माणसे आली, आणि दोन-तीन वर्षांत नऊची संख्या काही शेकड्यांवर गेली.

मालेगावच्या छावणीत ही पलटण प्रथम गेली, तेव्हा आउट्रमच्या मूळ रेजिमेंटमधील ब्राह्मण-रजपूत शिपायांनी या भिल्ल शिपायांना पान-सुपारी देऊन आपल्यात बसवून घेतले, अशी नोंद आहे. ज्यांना गावाच्या शिवेबाहेर ठेवले जाई, त्यांच्या हातावर ठेवलेले ते पान मला साऱ्या शिकारकथांहून मोठे वाटते.

लहानपणी आमच्या मळ्यात ज्वारीच्या राखणीला एक भिल्ल बाबा असत. माळ्यावर बसून गोफण फिरवता फिरवता ते एकदा म्हणाले, “आमचा पणजा पलटणीत होता.” मी नाव विचारले. त्यांनी गोफणीतला दगड काढून तळहातावर ठेवला, बराच वेळ आठवून पाहिले आणि नाही म्हणून मान हलवली.

कंपनीच्या काळातील दप्तरे मुंबईच्या पुराभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. पलटणीची हजेरीपत्रके किंवा पगारपत्रके त्यांत असतील, तर जळगाव येथील विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आणि धरणगाव नगर परिषदेने मिळून ती शोधावीत, आणि जी नावे हाती लागतील ती पलटणीच्या जागी मराठीतून कोरून लावावीत. भिल्ल वस्त्यांमधील वृद्धांच्या आठवणीही लगेच टिपून घ्याव्यात; आमच्या मळ्यातले बाबा आज हयात नाहीत. आपल्या दैनिकाने या कामी पुढाकार घ्यावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक, धरणगाव (जि. जळगाव)