तुझ्या पहिल्या शूटिंगआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पटकथा आणि शॉटची यादी मी नीट वाचली. पटकथेबद्दल मी काही सुचवणार नाही. ती तुझी आहे आणि चांगली जमली आहे. यादीबद्दल मात्र बोलायला हवे, कारण सहा माणसांच्या युनिटने एका दिवसात ४० शॉट घ्यायचे असे तू ठरवले आहेस. सहायक दिग्दर्शनात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे मला आधी हा हिशेबच दिसतो. १२ तासांचा दिवस धरला, तरी सकाळची मांडामांड, जेवण आणि शेवटची आवराआवर वजा जाता जेमतेम ८ तास उरतात. म्हणजे एका शॉटच्या वाट्याला १२ मिनिटे येतात, आणि दिवे हलवणे, तालीम व दोन-तीन टेक एवढे सगळे तेवढ्यातच बसवायचे असते. ते बसणार नाही. म्हणून ज्या शॉटशिवाय प्रसंग उभाच राहणार नाही, त्यांच्यावर आदल्या रात्रीच खूण कर आणि बाकीच्यांतले आधी कोणते सोडायचे, तेही ठरवून ठेव. संध्याकाळी उजेड उतरू लागल्यावर ही निवड करायला बसलीस, तर घाईत नेमका गरजेचाच शॉट सुटेल.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: दिवसाचे घड्याळ तू स्वतःच्या हाती ठेवू नकोस. आणखी एक टेक मागणे हे दिग्दर्शकाचे कामच आहे, आणि मागणाऱ्यानेच नकारही द्यायचा म्हटले की दोन्ही कामे बिघडतात. लहान युनिटमध्ये सहायक दिग्दर्शकाला सर्वांत आधी वगळतात, कारण त्याच्या हातात ना कॅमेरा दिसतो ना दिवा. माझ्या मते ही बचत सर्वांत महाग पडते. सहांपैकी एकाला वेळेखेरीज दुसरी मोठी जबाबदारी देऊ नकोस. ‘हा टेक पुन्हा घेतला, तर खिडकीजवळचा शॉट सोडावा लागेल, चालेल का?’ एवढे त्याने तुला योग्य क्षणी विचारायचे. निर्णय तुझाच राहील, पण तो घेताना त्याची किंमत तुझ्यासमोर असेल.

शॉटचा क्रम तू कथेच्या ओघाप्रमाणे लावला आहेस, तो बदल. कॅमेरा ज्या बाजूला तोंड करून उभा आहे, त्या बाजूचे सगळे शॉट संपवूनच तो फिरवायचा, कारण कॅमेरा फिरला की दिवे, स्टँड, सामान आणि बघत उभी असलेली माणसेसुद्धा पलीकडे न्यावी लागतात, आणि दिवसातला खरा वेळ तिथेच जातो. मायलेकींच्या संवादात आधी मास्टर शॉट, म्हणजे अख्खा प्रसंग सलग दाखवणारा रुंद शॉट घे, मग आईच्या बाजूचे सगळे क्लोजअप, आणि त्यानंतरच मुलीकडे वळ. तोवर कोणाची नजर कोणत्या बाजूला होती, याची नोंद कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, पाहणाऱ्याने ठेवलेली असावी. खिडकीतून येणाऱ्या उन्हावर अवलंबून असलेले रुंद शॉट लवकर उरकावेत. क्लोजअपला लागणारा उजेड दिव्याने नंतरही उभा करता येतो, अख्ख्या खोलीचा लहान युनिटला करता येत नाही. या क्रमाला मी एकच अपवाद करीन. रडण्याच्या प्रसंगात कलाकार मास्टर शॉटमध्येच रिता होईल असे वाटले, तर त्याचा क्लोजअप आधी घ्यावा. तो प्रसंग जेवणानंतर लगेच किंवा दिवसाच्या अखेरीसही ठेवू नये.

दिवे लावण्यापूर्वी कलाकारांना त्या जागेत हालचाली करून पाहू दे. उलट केले तर कलाकार दिव्याच्या सोयीने उभे राहतात, किंवा दिवे दोनदा लावावे लागतात.

आवाजाकडे लहान युनिटचे हमखास दुर्लक्ष होते. चित्र थोडे काळोखे असले तर प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद कळला नाही, तर घेत नाही. पंखा आणि फ्रीज बंद करायचे, आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही (ही युक्ती माझी नव्हे, साउंडवाल्यांची जुनीच आहे). प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना स्तब्ध उभे करून त्या खोलीची नुसती शांतता निदान ३० सेकंद रेकॉर्ड करून घे. सगळे कंटाळतील, पण दोन संवादांमधली फट बुजवायला संकलकाला तीच लागते. चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी टेकच्या सुरुवातीला पाटी वाजवतात, तो क्लॅप राहिला, तर कॅमेरा न थांबवता टेकच्या शेवटी पाटी उलटी धरून वाजवावी.

जेवण कॉल टाइमपासून, म्हणजे युनिटला हजर व्हायला सांगितलेल्या वेळेपासून, ६ तासांच्या आत द्यायचे, दिव्यांच्या स्टँडवर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या आणि वाटेतल्या वायरी टेपने जमिनीला चिकटवायच्या. यांत वेळ वाचवायला जाऊ नये.

भरलेले कार्ड कॅमेऱ्यातून निघताच त्यावर टेप लावून क्रमांक घालायचा आणि ते एकाच ठरलेल्या माणसाकडे द्यायचे. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत उतरवून दोन्हीकडच्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये, आणि रात्री त्या दोन डिस्क एकाच पिशवीतून एकाच घरी जाऊ नयेत. हे काम पॅकअपच्या गडबडीत उरकता येत नाही. तुझे कॉल शीट, म्हणजे दिवसाच्या कामाचे वेळापत्रक, तयार झाले की मला पाठव. शेवटचा शॉट आणि पॅकअप यांच्यामध्ये तू निदान पाऊण तास ठेवला आहेस का, ते मी आधी पाहीन.

तुझी,
आई