नंबराबरोबर वेळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकातली जिल्हा मैदानी स्पर्धांची बातमी वाचली. ८०० मीटरमध्ये पहिला, दुसरा, तिसरा कोण, शाळा कुठली, बक्षीस कोणाच्या हस्ते, सगळं आहे. किती वेळात पळाले, तेवढं मात्र कुठंच नाही. तीस वर्षं मैदानावर शिट्टी वाजवली, म्हणून हे मनाला लागतं.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत आपले श्रीराम सिंग सातवे आले. नुसता नंबर वाचला तर गोष्ट तिथंच संपते. पण ४०० मीटरची पहिली फेरी ५१ सेकंदांच्या आत, ती सगळ्यांच्या पुढं राहून काढली होती आपल्या या जवानानं. क्यूबाच्या हुआन्तोरेनानं त्या दिवशी १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम केला. श्रीराम सिंग यांची वेळ होती १:४५.७७. हा राष्ट्रीय विक्रम मोडायला २०१८ साल उजाडलं. गुवाहाटीत जिन्सन जॉन्सन १:४५.६५ मध्ये पळाला. बेचाळीस वर्षांनी फरक पडला सेकंदाच्या बारा शतांशांचा! तेहरान आणि बँकॉकची आशियाई सुवर्णपदकं श्रीराम सिंग यांच्या नावावर आहेतच, पण पोरांना सांगताना मी आधी १:४५.७७ हा आकडा सांगतो.

ते राजपुताना रायफल्समध्ये भरती झाले तेव्हा पाच हजार मीटर पळायचे. इलियास बाबर या प्रशिक्षकांनी त्यांना ४०० आणि ८०० कडं वळवलं. आपला बीडचा अविनाश साबळेही बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथंच त्याला स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची लांब शर्यत, सापडली. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. तालमीत वस्ताद पोराची मान, मांडी बघून काय ते ओळखतो. पळणाऱ्याची पारख मात्र घड्याळच करतं.

आपल्याकडं ८०० मीटर म्हटलं की पोरींना पोलीस भरतीच आठवते. करवीर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडं सरावाला यायची. मुरमाचं मैदान, फक्कीनं आखलेल्या दोनशे मीटरच्या चार फेऱ्या, पायात काही नाही. शेवटच्या वळणावर बाकीच्या पोरींचे खांदे वर यायचे. ही डावी मूठ छातीशी आवळायची आणि पाऊल आणखी लांब टाकायची. एका पहाटे घड्याळ थांबवलं तर २ मिनिटं २३ सेकंद. विश्वास बसेना म्हणून चार दिवसांनी पुन्हा पळवली. तेवढीच वेळ.

भरतीत २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं की वीसपैकी वीस गुण. तिला वीस मिळाले. तिच्या मागून, २:४८ ला आलेल्या मुलीलाही वीसच. पोरगी वर्दीत आली, आईनं माझ्या हातावर पेढा ठेवला. त्या घराला नोकरी किती गरजेची होती, ते मला ठाऊक आहे. पण अंगात एवढं पळणं असलेल्या मुलीला, अजून किती पळशील, असं कुणी विचारलंच नाही. मीही तो आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली. चार ठिकाणी सांगायला हवा होता. ती चूक माझी. आता ती पळत नाही.

म्हणून विनंती एवढीच, की शालेय स्पर्धांचा निकाल छापताना प्रत्येक नावापुढं वेळ द्या. आयोजकांनी कळवली नसेल तर तुमच्या वार्ताहरानं मागून घ्यावी. चार वेळा मागितली की पाचव्या वेळी ते आपणहून लिहून पाठवतील. पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या एखाद्या शाळेतल्या पोरीची वेळ पेपरात वाचून कुणी प्रशिक्षक चौकशीला आला, तर तिच्या घरचा पत्ता शोधायला मी स्वतः त्याच्याबरोबर जाईन.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर